कक्षेतला मुक्काम: दीर्घकालीन समानव मोहिमा आणि बंगळुरूची तयारी

प्रश्नाचे स्वरूप

माणसाला पृथ्वीभोवतीच्या कक्षेत नेऊन सुखरूप परत आणणे आणि माणसाला त्या कक्षेत महिनोन्महिने राहता येईल अशी व्यवस्था करणे, हे दोन प्रश्न वरवर एकच वाटले तरी त्यांची जातकुळी वेगळी आहे. पहिल्या प्रश्नात कसोटी लागते ती अग्निबाणाची, यानाची आणि पॅराशूटची, आणि तिचा निकाल काही मिनिटांत किंवा तासांत लागतो. दुसऱ्यात कसोटी लागते ती हाडांची, झोपेची, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांची, एका बंद जागेत राहणाऱ्या माणसांच्या परस्परसंबंधांची आणि जमिनीवर पाळीपाळीने जागणाऱ्या नियंत्रकांची. ती रोज नव्याने लागते आणि तिचा निकाल कधीकधी मोहीम संपल्यावर वर्षभराने हाती येतो.

‘समानव मोहीम’ म्हणजे माणसांसह केलेला अवकाशप्रवास. ‘दीर्घकालीन’ हे विशेषण अवकाशवैद्यकात सर्वसाधारणपणे एका महिन्याहून अधिक काळाच्या वास्तव्याला लावले जाते, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील नेहमीचा मुक्काम सुमारे सहा महिन्यांचा असतो. भारतापुढे हा प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी जाहीर झालेल्या गगनयान मोहिमेचे उद्दिष्ट तीन जणांना सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील कक्षेत तीन दिवस ठेवून परत आणण्याचे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये २०३५ पर्यंत ‘भारतीय अंतरिक्ष स्थानक’ उभारण्याचे लक्ष्य ठरवण्यात आले. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गगनयान कार्यक्रमाची व्याप्ती वाढवून, एकूण खर्च २०,१९३ कोटी रुपयांवर नेऊन, त्या स्थानकाच्या पहिल्या मॉड्यूलचा, म्हणजे जोडणीच्या पहिल्या मोठ्या भागाचा, त्यात समावेश केला. संपूर्ण स्थानक पाच मॉड्यूलचे असणार असून पहिले मॉड्यूल २०२८ मध्ये सोडण्याचे नियोजन आहे.

या कार्यक्रमाचे यान वर जाईल ते श्रीहरिकोट्याहून, परंतु त्यातील माणसांचा विचार मुख्यतः बंगळुरूत होतो. इस्रोचे समानव अवकाश उड्डाण केंद्र जानेवारी २०१९ मध्ये याच शहरात स्थापन झाले आणि अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाची सोयही येथेच आहे. हवाई दलाची १९५७ पासून कार्यरत असलेली एरोस्पेस मेडिसिन संस्था, उपग्रह बांधणारे यू. आर. राव उपग्रह केंद्र, यानांशी संपर्क ठेवणारे इस्ट्रॅक, भारतीय विज्ञान संस्था, मूळ पेशींवर संशोधन करणारी इनस्टेम ही संस्था आणि संरक्षण संशोधन संघटनेची जैवअभियांत्रिकी प्रयोगशाळा, या सर्व संस्था एकाच शहरात असल्यामुळे दीर्घकालीन मुक्कामाच्या प्रश्नाचे जवळजवळ सगळे धागे येथे एकत्र येतात. हे धागे किती पक्के आहेत आणि कोठे विरळ आहेत, याचा आढावा घेणे हे या लेखाचे प्रयोजन आहे.

मुक्कामाचा इतिहास

कक्षेत घर करून राहण्याचा पहिला प्रयोग सोव्हिएत संघाने १९७१ मध्ये सल्यूत-१ या स्थानकावर केला. तेथे २३ दिवस राहिलेले तिघे अंतराळवीर परतीच्या वाटेवर यानातील झडप अकाली उघडून हवा निघून गेल्यामुळे मृत्युमुखी पडले, आणि दीर्घ मुक्कामाचा इतिहास अशा रीतीने शोकातच सुरू झाला. अमेरिकेच्या स्कायलॅबवर १९७३-७४ मध्ये एकामागून एक तीन पथके राहिली, आणि त्यांचे मुक्काम अनुक्रमे २८, ५९ आणि ८४ दिवसांचे होते. त्यानंतर सोव्हिएत संघाने सल्यूत-६, सल्यूत-७ आणि मीर या स्थानकांवर हा काळ टप्प्याटप्प्याने वाढवत नेला. व्हॅलेरी पोल्याकोव या डॉक्टर असलेल्या अंतराळवीराने जानेवारी १९९४ ते मार्च १९९५ या काळात मीरवर सलग ४३७ दिवस काढले आणि हा उच्चांक अद्याप मोडलेला नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २ नोव्हेंबर २००० पासून एकही दिवस असा गेलेला नाही की तेथे माणूस नव्हता. चीनने २०२१ मध्ये तिआनगाँग स्थानकाचे पहिले मॉड्यूल सोडून पुढच्याच वर्षी त्याची तीन मॉड्यूलची जोडणी पूर्ण केली, आणि तेथेही सहा-सहा महिन्यांचे मुक्काम आता नित्याचे झाले आहेत.

या इतिहासात भारताचा प्रवेश ३ एप्रिल १९८४ रोजी झाला. राकेश शर्मा आणि त्यांचे पर्यायी अंतराळवीर रवीश मल्होत्रा यांच्या निवडीच्या वैद्यकीय चाचण्या बंगळुरूच्या हवाई दलाच्या संस्थेत झाल्या होत्या. शर्मा यांचा प्रवास ७ दिवस २१ तास ४० मिनिटांचा होता, परंतु ते ज्या सल्यूत-७ वर उतरले तेथे त्या वेळी लिओनिद किझिम, व्लादिमिर सोलोव्योव आणि ओलेग आत्कोव हे तिघे २३७ दिवसांच्या विक्रमी मुक्कामावर होते, आणि त्यांपैकी आत्कोव हे हृदयरोगतज्ज्ञ होते, ही बाब आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. म्हणजे पहिल्या भारतीय अंतराळवीराने दीर्घकालीन मोहीम पाहुणा म्हणून का होईना, आतून पाहिली होती. शर्मा यांनी तेथे योगासनांचा प्रयोगही केला. भारहीन अवस्थेत स्नायू टिकवण्यासाठी आसनांचा काही उपयोग होतो का, हा त्यामागचा प्रश्न होता. पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात मुख्य चाचणी वैमानिक म्हणून त्यांनी काम केले आणि नंतर ते बंगळुरूला गेले. देशाच्या अवकाशप्रवासाचा धागा मात्र तब्बल ४१ वर्षे त्या एका प्रवासापाशीच थांबून राहिला.

तो धागा पुन्हा जोडला गेला तो २५ जून २०२५ रोजी. गगनयानासाठी निवडलेल्या चार हवाई दल अधिकाऱ्यांपैकी शुभांशु शुक्ला हे अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेचे वैमानिक म्हणून निघाले, दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात दाखल झाले आणि १५ जुलैला समुद्रात उतरले. या मोहिमेच्या कमांडर पेगी व्हिटसन यांच्या नावावर सर्व मोहिमा मिळून ६९५ दिवस जमा झाले आहेत. शुक्ला यांचे वीस दिवस आणि शर्मा यांचे जवळजवळ आठ दिवस यांची बेरीज केली तर ती साधारण २८ दिवस भरते, म्हणजे स्कायलॅबच्या पहिल्या पथकाने १९७३ मध्ये एकाच फेरीत जेवढा काळ काढला तेवढीच. भारतीय अनुभवाची ही मोजणी पुढच्या सर्व चर्चेत लक्षात ठेवावी लागते.

शरीराची किंमत

कक्षेत गुरुत्वाकर्षण नसते हा समज चुकीचा आहे. ४०० किलोमीटर उंचीवरही ते जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असते. परंतु स्थानक आणि त्यातील माणूस दोघेही पृथ्वीभोवती सारख्याच वेगाने सतत ‘पडत’ असल्यामुळे वजनाची जाणीव उरत नाही. या स्थितीला सूक्ष्मगुरुत्व म्हणतात. या स्थितीत पोहोचताच पायांकडे ओढले जाणारे रक्त व इतर द्रव छातीकडे आणि डोक्याकडे सरकतात, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, पाय बारीक होतात, आणि आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळल्यामुळे पहिले काही दिवस मळमळ होते. हे त्रास आठवड्याभरात बहुधा निवतात. अल्पकालीन मोहिमेत वैद्यकाची मुख्य चिंता एवढीच असते.

दीर्घ मुक्कामात मात्र शरीर नव्या परिस्थितीशी जुळवून घेते आणि त्या जुळवून घेण्यातच धोका असतो. जे हाड वजन पेलत नाही त्याची शरीराला गरज वाटेनाशी होते. पुरेसा व्यायाम नसेल तर खुब्याच्या हाडाची घनता दरमहा सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते, आणि हाडांतून सुटलेले कॅल्शियम लघवीवाटे जाताना मुतखड्याची शक्यता वाढवते. पाठीचे व पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात. डोक्याकडे सरकलेल्या द्रवामुळे डोळ्याच्या मागील मज्जातंतूला सूज येऊन काही अंतराळवीरांची दृष्टी बदलते. मानेतील शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे उदाहरणही नोंदले गेले आहे. यात किरणोत्साराची भर पडते, कारण जमिनीवर माणसाला वर्षभरात मिळणारी नैसर्गिक मात्रा स्थानकावर साधारण आठवड्याभरातच मिळते.

या हानीवरचा आजवर सर्वांत उपयोगी ठरलेला उपाय म्हणजे व्यायाम. स्थानकावरील प्रत्येकाला रोज सुमारे दोन तास धावपट्टीवर, सायकलवर आणि वजन उचलण्याचा ताण निर्माण करणाऱ्या यंत्रावर घालवावे लागतात, आणि हा काळ कामाच्या वेळापत्रकात सक्तीने राखून ठेवलेला असतो. स्कॉट केली यांच्या ३४० दिवसांच्या मुक्कामात जमिनीवर असलेल्या त्यांच्या जुळ्या भावाशी तुलना करून जो अभ्यास झाला, त्यात जनुकांच्या कार्यातील बहुतेक बदल परतल्यानंतर सहा महिन्यांत पूर्ववत झाल्याचे आढळले. परंतु ‘बहुतेक’ या शब्दात जे उरते तेच अवकाशवैद्यकाचे आजचे संशोधनक्षेत्र आहे.

बंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेचे महत्त्व येथे येते. लढाऊ वैमानिकांना वेगाच्या ताणाला तयार करणारे तेथील मानवी सेंट्रिफ्यूज, म्हणजे माणसाला लांब भुजेच्या टोकाशी बसवून वेगाने फिरवणारे यंत्र, उड्डाण आणि परतीच्या काही मिनिटांच्या तयारीसाठी उपयोगी आहे. मुक्कामाच्या तयारीसाठी लागणारा प्रयोग अगदी साध्या दिसणाऱ्या वस्तूवर होतो आणि ती वस्तू म्हणजे खाट. डोके पायांपेक्षा सहा अंशांनी खाली राहील अशी खाट कलती करून निरोगी स्वयंसेवकाला तिच्यावर आठवडे किंवा महिने झोपवून ठेवले, जेवण, आंघोळ आणि शौच हेही त्याच स्थितीत करवले, की द्रव डोक्याकडे सरकतात, हाडे आणि स्नायू क्षीण होऊ लागतात, आणि कक्षेत न जाता कक्षेतील शरीराचा पुष्कळसा अभ्यास करता येतो. जगात या पद्धतीने साठ आणि नव्वद दिवसांचे अभ्यास झाले आहेत. भारतासाठी त्यांचे महत्त्व अधिक आहे, कारण दीर्घ मुक्कामाविषयीची उपलब्ध माहिती मुख्यतः अमेरिकी, रशियन, युरोपीय आणि जपानी शरीरांवरून मिळालेली आहे, तर भारतात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते आणि आहाराची घडणही वेगळी आहे. दुसऱ्या देशांच्या सरासरीवर बेतलेला व्यायाम आणि औषधे भारतीय अंतराळवीराला नेमकी लागू पडतील, असे गृहीत धरणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य नाही. या संदर्भात इनस्टेमने शुक्ला यांच्यासोबत पाठवलेला प्रयोग लक्षणीय आहे. सूक्ष्मगुरुत्वात स्नायूंच्या मूळ पेशींपासून नवे स्नायुतंतू घडण्याची क्रिया कशी मंदावते आणि काही पूरक द्रव्यांनी ती सावरता येते का, हे त्यात तपासले गेले.

हवा आणि पाणी

एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो आणि तो जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून स्थानकावर माणशी रोज ३.८ लिटरच्या आसपास पाणी धरले जाते. तीन दिवसांच्या मोहिमेत हे सर्व सोबत नेणे आणि वापरलेले टाकून देणे परवडते. या पद्धतीला खुली जीवनाधार प्रणाली म्हणतात. जीवनाधार प्रणाली म्हणजे हवा, पाणी, तापमान आणि दाब राखणाऱ्या सर्व यंत्रांची एकत्रित व्यवस्था. मात्र तीन माणसे सहा महिने राहणार असतील तर नुसते पाणीच दोन टनांहून अधिक आणि प्राणवायू सुमारे साडेचारशे किलो लागेल. भारतीय स्थानकाचे पहिले मॉड्यूलच सुमारे दहा टनांचे असणार आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे खुल्या प्रणालीने दीर्घ मुक्काम का चालणार नाही ते स्पष्ट होते.

म्हणून दीर्घ मुक्कामासाठी प्रणाली ‘बंद’ करावी लागते, म्हणजे वापरलेले पुन्हा वापरात आणावे लागते, आणि हे काम किती बारकाईचे आहे ते घामाच्या एका थेंबावरून कळते. स्थानकाच्या धावपट्टीवर लवचीक पट्ट्यांनी बांधून घेऊन धावणाऱ्या माणसाचा घाम खाली ओघळत नाही; तो कातडीवर जाड थर होऊन चिकटून राहतो आणि टॉवेलने टिपावा लागतो. तो टॉवेल वाळत टाकला की त्यातील ओल स्थानकाच्या हवेत मिसळते, थंड पृष्ठभागांवर हवा खेळवणारी यंत्रणा ती ओल पुन्हा द्रवरूपात गोळा करते, ऊर्ध्वपातनाने लघवीतून वेगळे केलेले पाणी तिला येऊन मिळते, मग गाळण्या आणि उष्ण उत्प्रेरक कक्ष यांतून ते जाते, जंतू वाढू नयेत म्हणून त्यात किंचित आयोडीन मिसळले जाते, आणि तेच पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी चहात उतरते. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या अमेरिकी भागात २०२३ मध्ये पाण्याची ही परतफेड ९८ टक्क्यांपर्यंत पोहोचली, आणि तेथवर येण्यास दीड दशकाची दुरुस्ती आणि सुधारणा खर्ची पडली. वरच्या उदाहरणातील दोन टन पाण्याची गरज या प्रमाणाने पन्नास लिटरच्या आत येते.

गगनयानासाठी जीवनाधार प्रणाली देशातच विकसित करण्याचा निर्णय इस्रोने घेतला, कारण हे तंत्रज्ञान बाहेरून मिळण्याची शक्यता नव्हती. तीन दिवसांसाठी केलेली ही तयारी मोलाची आहे. तरीही खुल्या प्रणालीतून बंद प्रणालीकडे जाणे ही त्याच वाटेवरची पुढची पायरी मानता येत नाही, कारण बंद प्रणालीत दोष हळूहळू साचतात. गाळणीत जिवाणूंचा थर धरतो, लघवीतील कॅल्शियमचे कण यंत्रात बसतात, पंपाची सील झिजते. असे दोष तीन दिवसांच्या चाचणीत दिसत नाहीत. ते दिसण्यासाठी प्रणाली जमिनीवर खऱ्या माणसांसह महिनोन्महिने चालवून पाहावी लागते.

अन्न आणि मोड

म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने १९८४ मध्ये राकेश शर्मा यांच्यासाठी भारतीय पदार्थ तयार केले होते, आणि गगनयानाचे अन्नही तिच्याकडेच सोपवलेले आहे. शुक्ला यांनी २०२५ मध्ये गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस सोबत नेला. महिनोन्महिन्यांच्या मुक्कामात जेवण हे केवळ पोषण राहत नाही. द्रव डोक्याकडे सरकल्यामुळे सर्दी झाल्यासारखे नाक चोंदते, चव मंदावते, तेच ते पदार्थ नकोसे होतात, खाणे कमी होते आणि वजन व स्नायू दोन्ही घटतात. साठवलेल्या अन्नातील काही जीवनसत्त्वेही काळाबरोबर कमी होतात. ताजी भाजी कक्षेतच पिकवण्याच्या प्रयत्नांमागे हे कारण आहे, आणि २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकावर पिकवलेली लेट्यूसची पाने अंतराळवीरांनी खाल्ली तेव्हापासून त्यांना वेग आला.

या क्षेत्रातील भारतीय प्रयोग मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा आहे, कारण तो धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा आहे आणि त्यात वापरलेली बियाणी मूग आणि मेथी यांची होती. घरोघरी मूग रात्रभर भिजत घालून, ओल्या फडक्यात बांधून मोड आणले जातात, तेव्हा पाणी खाली निथळते आणि मोड खालच्या दिशेने वळतो. मुळाच्या टोकाच्या पेशींत पिठुळ कण असतात, ते गुरुत्वामुळे पेशीच्या तळाशी बसतात आणि ‘खाली’ कोणते ते मुळाला कळते. कक्षेत पाणी बियाभोवतीच गोळा होऊन राहते, पिठुळ कण कोठेच बसत नाहीत, आणि मुळाला दिशा ठरवण्यासाठी ओल आणि प्रकाश यांचाच आधार उरतो. शुक्ला यांनी उथळ तबकड्यांत या बियांना पाणी दिले, मोड आल्यावर ते स्थानकाच्या शीतपेटीत ठेवले, आणि पोषणमूल्य व सूक्ष्मजीव यांच्या तपासणीसाठी ते पृथ्वीवर आणले गेले. याआधी डिसेंबर २०२४ अखेर सोडलेल्या पीएसएलव्ही-सी६० च्या शेवटच्या टप्प्यावर, माणसाच्या मदतीविना, इस्रोने चवळीचे बी कक्षेत चार दिवसांत रुजवून दाखवले होते.

भारतीय विज्ञान संस्थेचा प्रयोग टार्डिग्रेड या, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या आठ पायांच्या जिवावर होता. शुष्कता, थंडी आणि किरणोत्सार यांत तग धरणाऱ्या या जिवाच्या भारतीय वाणाचे पुनरुज्जीवन, पुनरुत्पादन आणि जनुकीय कार्य सूक्ष्मगुरुत्वात कसे होते, हे त्यात पाहिले गेले. दुसऱ्या एका भारतीय प्रयोगात स्पिरुलिनासारख्या सूक्ष्मजीवांची वाढ युरिया आणि नायट्रेट यांवर कशी होते याची तुलना झाली. युरिया हा लघवीतील मुख्य घटक असल्यामुळे, त्यावर वाढणारे आणि प्राणवायू देणारे खाद्य सूक्ष्मजीव हे बंद प्रणालीचे एक संभाव्य अंग आहे.

मन आणि दिनक्रम

स्थानक सुमारे दीड तासात पृथ्वीची एक फेरी पूर्ण करते, त्यामुळे तेथे एका दिवसात सोळा वेळा सूर्य उगवतो आणि शरीराचे घड्याळ कृत्रिम प्रकाशावर चालवावे लागते. घराची ओढ, कुजबुजीलाही जागा नसलेला सहवास, यंत्रांचा अखंड आवाज आणि बाहेर पडण्याची अशक्यता यांचा परिणाम निवडलेल्या, कणखर माणसांवरही होतो. सल्यूत-७ वर १९८२ मध्ये २११ दिवस काढलेल्या व्हॅलेंतिन लेबेदेव यांच्या रोजनिशीत सोबत्याशी आलेल्या ताणाच्या स्पष्ट नोंदी आहेत. स्कायलॅबच्या तिसऱ्या पथकाला सुरुवातीपासून इतके दाट वेळापत्रक दिले गेले की ते मागे पडत गेले, आणि डिसेंबर १९७३ अखेर नियंत्रण केंद्राशी मोकळेपणाने बोलणे झाल्यावर कामाची मांडणी बदलली गेली, तेव्हा कामही सुधारले. अनिश्चितता हा ताणाचा आणखी एक प्रकार आहे. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर हे जून २०२४ मध्ये आठवडाभराच्या तयारीने गेले आणि मार्च २०२५ मध्ये, २८६ दिवसांनी परतले.

भारतात या बाजूची सुरुवात झाली आहे. जुलै २०२५ मध्ये, शुक्ला कक्षेत असतानाच, गगनयानाचे अंतराळवीर अंगद प्रताप यांनी हवाई दलाच्या दोन सहकाऱ्यांसह बंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत ‘अनुगामी’ नावाच्या दहा दिवसांच्या एकांतवासाचा प्रयोग केला. त्यानंतर ऑगस्टमध्ये लडाखच्या त्सो कार खोऱ्यात बंगळुरूच्या प्रोटोप्लॅनेट या कंपनीने उभारलेल्या ‘होप’ तळावर दोघांनी दहा दिवस काढले. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत, परंतु एकांतवासाचे मानसिक परिणाम दहा दिवसांत क्वचितच पुढे येतात. मॉस्कोमध्ये २०१०-११ साली झालेल्या ‘मार्स-५००’ या प्रयोगात सहा जणांना ५२० दिवस बंद ठेवले गेले, तेव्हा झोप आणि मनःस्थिती यांतील फरक महिने उलटल्यावर स्पष्ट झाले.

जमिनीवरची माणसे आणि परतीची वाट

४ जुलै २०२५ रोजी यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांनी हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी रेडिओचालकांच्या लहरींवरून, शुक्ला यांना प्रश्न विचारले. अशा संपर्काला दहाएक मिनिटांचीच मुदत मिळते, कारण एका ठिकाणाहून पाहता स्थानक एका क्षितिजावरून दुसऱ्या क्षितिजावर तेवढ्या वेळात निघून जाते. हीच मर्यादा नियंत्रण केंद्रालाही लागू असल्यामुळे, अखंड संपर्कासाठी उंच कक्षेतून संदेश पुढे पोचवणारे उपग्रह लागतात, आणि ते इस्रोच्या योजनेत आहेत. त्याहून अवघड गरज माणसांची आहे. उपग्रह चुकला तर तो सुरक्षित स्थितीत ठेवून सकाळी विचार करता येतो, पण माणसे असलेल्या स्थानकाला रात्र नसते. नियंत्रक, फ्लाइट सर्जन म्हणजे अंतराळवीरांचे जमिनीवरील वैद्य, आणि मानसतज्ज्ञ यांच्या तीन पाळ्या वर्षानुवर्षे भरत राहिल्या पाहिजेत.

आणीबाणीत परतण्याची सोय हा दीर्घ मुक्कामाचा शेवटचा आधार असतो. १९८५ मध्ये व्लादिमिर वास्यूतिन आजारी पडल्यामुळे सल्यूत-७ वरील सहा महिन्यांची मोहीम सुमारे दोन महिन्यांत गुंडाळावी लागली. डिसेंबर २०२२ मध्ये सोयुझ यानातून शीतद्रव गळल्यामुळे दुसरे यान पाठवावे लागले आणि फ्रँक रुबिओ यांचा मुक्काम ३७१ दिवसांपर्यंत लांबला. नोव्हेंबर २०२५ मध्ये चिनी यानाच्या खिडकीला तडा गेल्याचे आढळल्यावर त्या पथकाला दुसऱ्या यानातून आणले गेले. या दोन्ही अलीकडच्या घटनांत दुसरे यान मिळू शकले म्हणून माणसे सुखरूप परतली. भारताने जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्स मोहिमेत सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह कक्षेत जोडून दाखवले आणि असे करणारा तो चौथा देश ठरला. परंतु स्थानकाला जोडलेले यान महिनोन्महिने सज्ज ठेवणे ही वेगळी कसोटी आहे. जुन्या आणि अनुभवसिद्ध सोयुझचीही कक्षेतील मुदत सुमारे २०० दिवसच धरली जाते, आणि गगनयानाचे यान मुळात तीन दिवसांच्या मोहिमेसाठी आखलेले आहे.

निष्कर्ष

आढाव्यातून दिसणारे चित्र असे आहे. अग्निबाण, जोडणी आणि अंतराळवीरांचे प्रशिक्षण या बाजूंनी भारताची प्रगती ठोस आहे, आणि जीवविज्ञानाच्या बाजूने बंगळुरू व धारवाडच्या संस्थांनी चांगली सुरुवात केली आहे. मागे राहिलेल्या बाजू त्या आहेत ज्यांना पैशाहून वेळ अधिक लागतो. महिनोन्महिन्यांचे शय्यास्थ अभ्यास, तेवढाच दीर्घ एकांतवास, खऱ्या माणसांसह चालवलेली बंद जीवनाधार प्रणाली आणि स्थानकाला जोडून राहू शकणारे यान, यांपैकी काहीही शेवटच्या दोन वर्षांत घाईने उरकता येणार नाही. २०३५ च्या मुक्कामासाठी हे अभ्यास आताच सुरू झाले पाहिजेत. त्यांत स्त्रियांचाही पुरेसा समावेश असला पाहिजे, कारण निवडलेले पहिले चारही अंतराळवीर पुरुष आहेत आणि स्त्रियांच्या शरीरावरील परिणामांची माहिती जगभरातच तोकडी आहे. आणि त्यांचे निष्कर्ष देशातील वैद्यकीय महाविद्यालयांना खुले झाले पाहिजेत, कारण हाडांची झीज, स्नायूंचा क्षय आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची शुश्रूषा हे प्रश्न पुण्यातील किंवा हुबळीतील रुग्णालयाचेही आहेत.

राकेश शर्मा आणि शुभांशु शुक्ला यांनी मिळून कक्षेत काढलेले दिवस २८ आहेत. स्थानकावरचा एक नेहमीचा मुक्काम सुमारे १८० दिवसांचा असतो.